ऑक्टोबरच्या कुपीत जुलैचं लाकूड

पातेबाईंना राग यायला कारण लागत नसे. त्या दिवशी मात्र कारण होतं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली निळंशार दिसत होतं.

पातेबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं लाकडाचे काप घेणारी बाई, हाताखाली सदा यंत्राचं पातं आणि जीभही त्याच धारेची. मग लोक दुसरं काय म्हणणार? काडीएवढा लाकडाचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप घ्यायचे, दोन रंगांत बुडवून काचपट्टीवर ठेवायचे, हे त्यांचं काम. पक्कं झालेलं लाकूड लाल रंग धरतं, कोवळं निळं राहतं. काप घेताना बाईंना कुणी हाक मारलेली खपत नसे. फोन आला तर तो कान आणि खांदा यांच्यात दाबून, समोरच्याचं अर्धं ऐकून, दोन वाक्यांत त्याला वाटेला लावत.

लाकूड होतं बर्चचं. भूर्जपत्र ज्याच्या सालीचं, त्याच घराण्यातलं हे पांढऱ्या खोडाचं झाड. चार ठिकाणचे बर्च अभ्यासाला घेतले होते. एक जागा उबदार, दोन मधल्या, एक कडक थंडीची. प्रत्येक ठिकाणी पाच झाडं. दर सोमवारी तिथला माणूस हातोडीने पोकळ सुई खोडात ठोकायचा, लाकडाची काडी काढायचा, स्पिरिटच्या कुपीत घालून पाठवायचा. शिवाय पानाला मोजणीयंत्राचा चिमटा लावून त्यातला हिरवेपणा मोजायचा, वहीत लिहायचा आणि आकडे कळवायचा. एवढा खटाटोप एका प्रश्नासाठी होता. थंडी जवळ आली की पान आणि लाकूड एकदमच दुकान बंद करतात, की एक आधी घरी जातं आणि दुसरं मागे राहून कुलूप लावतं? आणि हवा बदलली की हा क्रम बदलतो का?

कडक थंडीच्या जागेवरचा माणूस म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. तो इतका कमी बोलायचा की घरीदारी सगळे त्याला मौनीच म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनीच त्याला तिथे चिकटवून दिलं होतं, आणि वशिल्याचा भाऊ असं कुणी म्हणू नये म्हणून एकोणीस वर्षं त्या इतर तिघांना दिल्या नसतील एवढ्या शिव्या एकट्या त्याला देत आल्या होत्या. कुपीवरचा आकडा पुसट झाला, दे शिवी. पार्सल एक दिवस उशिरा आलं, दे शिवी. मौनी ऐकून घ्यायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा कुप्या पाठवायचा.

तर आता त्याच्याच कुप्या होत्या. तारीख ऑक्टोबरची. पानांच्या त्याच्याच आकड्यांवरून दिसत होतं की पानं पिवळी होऊन झडली, फांद्या रिकाम्या. आणि लाकूड बघावं तर निळं. ऐन जुलैत असतं तसं निळं. पेशी जरा वेड्यावाकड्या, रांग सोडून उभ्या होत्या. बाईंनी पात्याला दोष दिला, पातं बदललं, नवा काप घेतला. तरी तेच. मग नमुन्याला दोष दिला, नीट ठेवला नसेल म्हणून. मग मागचे-पुढचे सगळे तपासले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासूनचे आठही सोमवार तसेच निघाले.

मंगळवारी चारही जागांची पडद्यावर बैठक असे. मौनी त्यात क्वचितच यायचा, त्याच्याकडे नेटवर्कची बोंब. बाकी तिघे हजर होते. विभागप्रमुखांनी निळे फोटो बघितले आणि त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. पंधरा दिवसांवर त्यांचं परिषदेत भाषण होतं.

"पानं गेल्यावरही लाकूड वाढतंय! अहो बाई, हा शोध आहे!"

"शोध कसला डोंबलाचा," बाई म्हणाल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "हे ऑक्टोबरचं लाकूडच नाही. हे जुलैचं आहे. उन्हाच्या दिवसांत एकदाच जाऊन ढीगभर काड्या काढून ठेवल्या असणार, आणि थंडीत घरी शेकत बसून कुप्यांवर तारखा टाकल्या. माझा भाऊ आहे म्हणून पांघरूण घालीन असं वाटलं असेल त्याला, तर विसरा म्हणावं."

पडद्यावरचे तिघे खाली बघू लागले. प्रमुखांचा शोध हातचा गेला होता, त्यामुळे त्यांना आता निदान चोर तरी हवा होता. त्यांनी तिथल्या तिथे मौनीला फोन लावला, स्पीकरवर.

"नमुने तुम्ही खरोखर त्या-त्या दिवशी घेतलेत का?"

"विचारा त्याला, विचारा!" बाई मागून ओरडल्या. "ऑक्टोबरात कुठे होतास म्हणावं, चोरा!"

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग मौनी म्हणाला, "मी गेलो होतो. दर सोमवारी." आणि फोन ठेवला.

"बघा, दुसरं बोलायला तोंडच नाही," बाई म्हणाल्या.

बुधवारी पत्र तयार झालं. सदर व्यक्तीने नमुने जाणूनबुजून खोट्या तारखांनी पाठवले, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. पत्राची प्रत इतर तिन्ही जागांना आणि वनखात्याला जायची होती, म्हणजे त्या भागात त्याला पुन्हा झाडाला हात लावायचं काम कुणी दिलं नसतं. त्याला दुसरं काम येतही नव्हतं. तपासणाऱ्याची सही म्हणून खाली रेघ होती. बाईंनी सही केली. करताना छाती जरा पुढेच आली. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं!

"पोस्टानं नको," त्या म्हणाल्या. "मी स्वतः नेऊन देते. मला त्याच्या तोंडावर चार शब्द सुनवायचेत."

"ठीक आहे. बाकीच्या प्रती मंगळवारच्या बैठकीनंतर पाठवू," प्रमुख म्हणाले.

सोमवारी सकाळी साडेचार तास बसमध्ये बाई ते चार शब्द घोळवत होत्या. चाराचे चाळीस झाले होते. बस रिकामी, काच बंद होत नव्हती आणि थंडी अशी की दात वाजावेत. त्याचाही राग त्यांनी मौनीच्याच नावावर मांडला.

दार भावजयीनं उघडलं. ती लाकडं फोडत होती, हातात कुऱ्हाड तशीच. नवऱ्याचं सगळं न बोलणं जणू तिच्या वाट्याला आलं होतं, इतकी ती बोलायची. आज मात्र तिनं बाईंना आत या म्हटलं नाही.

"या वन्सं. बघायला आलात ना, चोर कसा राहतो ते?"

"तो कुठाय?"

"सोमवार आहे. सोमवारी तो कुठे असतो?"

"नाटकं पुरे झाली. सप्टेंबरपासून तो घरी बसलाय की नाही, ते सांग."

भावजयीनं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "घरी? दर सोमवारी पहाटे मी त्याच्या अंगात कोट चढवते. बाही ओढायला माणूस लागतं त्याला. साहेबांचा फोन आल्यापासून हे तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला, पण खड्ड्यात गेली शपथ! आणि तुम्ही साऱ्या जगासमोर त्याला चोर म्हणालात. माझ्याशी कशाला भांडताय? झाडांकडे जा ना. भोकं मोजा. मोजायला डोळे लागतात, जीभ नाही लागत."

"कोट चढवतेस म्हणजे?"

"जा म्हटलं ना!" आणि दार लागलं.

घरामागच्या चढावर पंधरा मिनिटांवर बर्चची राई होती. बाई तणतणत चढल्या. भावजयीच्या तोंडाला लागायचंच नव्हतं आपण, काय एकेक माणसं! पानांचा पिवळा सडा कुजून काळा पडला होता, पाय घसरत होते. पत्र्याचे बिल्ले ठोकलेली पाच झाडं एका ओळीत होती. बाई तीन नंबरच्या झाडापाशी थांबल्या. कापात सगळ्यात जास्त निळं त्यांना ह्याच झाडाचं दिसलं होतं.

नियम त्यांना पाठ होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता. पहिलं भोक कमरेच्या उंचीवर. पुढचं वीतभर सरकून, जरा वर. असं गोल गोल चढत जायचं. हंगामाच्या शेवटी हात डोक्याच्या वर पोचतो. जुन्या भोकाजवळ नवीन भोक कधीही घ्यायचं नाही.

त्या मोजू लागल्या. पहिलं कमरेशी, मे महिन्याचं. तांदळाच्या दाण्याएवढं भोक, पण आता भोक कसलं, झाडानं आतून लाकूड आणून ते बुजवलं होतं आणि काजाच्या कडेसारखी जाड किनार केली होती. दुसरं तसंच. सहावं तसंच. अकरावं, छातीच्या उंचीवर, जुलैचं, तेही तसंच. अठरावं डोक्याच्या जरा वर होतं. टाचा उंचावून बाईंनी त्यावर बोट फिरवलं. भरत आलेलं, पण पुरतं भरलेलं नाही. मग वर काहीच नव्हतं.

"अठरा!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना आनंद झाला, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःच्या त्या आनंदाची किळस येत राहिली. मेपासून आजवर सव्वीस सोमवार आणि भोकं अठरा. चोर तो चोरच.

मग त्यांना छातीशी काहीतरी दिसलं. जुलैच्या बुजलेल्या भोकांच्या मध्ये-मध्ये, अंगठ्याच्या रुंदीवर, आणखी भोकं होती. काळी, उघडी. त्यांना किनार नव्हती, आत काही भरलं नव्हतं, कालच ठोकल्यासारखी कोरडी उघडी होती. एक, दोन, पाच, आठ.

बाईंचं बोट आठव्यावर थांबलं.

झाड वाढत असतं तोवरच जखम भरतं. वाढ थांबली की जखम वसंतापर्यंत उघडीच राहते. ही गोष्ट बाई नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवत. मौनीनं सगळ्या काड्या जुलैत काढल्या असत्या तर सव्वीसच्या सव्वीस भोकं बुजलेली असती. ही आठ उघडी होती. म्हणजे झाड झोपल्यानंतरची होती. म्हणजे तो आला होता. थंडीत, पावसात, ह्या घसरड्या चढावर, आठही सोमवार आला होता.

आणि ते निळं लाकूड? भोकं जुलैच्या जखमांना खेटून. जखमेच्या आसपास झाड घाईनं वेडंवाकडं लाकूड घालत राहतं, लवकर पक्कं करत नाही. पेशी रांग सोडून उभ्या होत्या. हे पहिल्या कापातच दिसलं होतं की त्यांना. सत्तावीस वर्षांच्या डोळ्यांना दिसलं होतं, आणि त्यांनी पातं बदललं होतं.

"मोजून किती झाली?"

मौनी मागे उभा होता. उजवा हात कोटाच्या खिशात, डाव्या हातात हातोडी आणि सुई दोन्ही.

"सव्वीस," बाई म्हणाल्या. मग लगेच, सवयीनं, आवाज चढला. "पण ही आठ इथे कशाला मारलीस? अक्कल गहाण ठेवली होतीस? वर चढत जायचं हे तुला एकोणीस वर्षं—"

"हात वर जात नाही."

"कधीपासून?"

"सप्टेंबर. खांदा धरलाय."

"मग मला सांगायचं नाहीस? तोंडाला काय कुलूप लावलंयस? एक फोन करायला—"

"केला होता!"

तो ओरडला. बाईंनी त्याला ओरडताना शेवटचं ऐकलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. झाडावरचा कावळा उडून गेला. मौनीनं हातोडी खाली टाकली, डाव्या हातानं आतल्या खिशातून पानांच्या आकड्यांची वही ओढून काढली, दातांनी तिचं रबर सोडलं आणि पान उघडून बाईंच्या नाकासमोर धरलं.

पानांच्या हिरवेपणाचे आकडे होते, आणि खाली त्याच्या ठसठशीत अक्षरात: *उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ताईला फोन केला. म्हणाली, हात पोचेल तिथे मार, पण सोमवार चुकवू नकोस.*

बाईंना आधी काहीच आठवेना. मग सगळं आठवलं. यंत्रावर उबदार जागेचा नमुना होता, चार वेळा फाटल्यावर पाचवा काप अखंड उतरत होता, आणि कान आणि खांदा यांच्यात कुणीतरी अडखळत काहीतरी सांगत होतं. हात, वर, जरा, ताई. आणि त्या म्हणाल्या होत्या की अरे, हात पोचेल तिथे मार, पण सोमवार चुकवू नकोस, ठेव. काप अखंड उतरला होता. त्याचा त्यांना दिवसभर आनंद झाला होता.

"मग साहेबांचा फोन आला तेव्हा हे का नाही बोललास?" त्यांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"काय बोलू? ताईनं सांगितलं होतं, असं? त्याच फोनमध्ये मागून तुझा आवाज येत होता. विचारा त्याला, विचारा. मला वाटलं, हिला आठवेल. आता आठवेल, मग आठवेल. वारा ऐकत थांबलो होतो मी." त्यानं वही मिटली. "एकोणीस वर्षं शिव्या खाल्ल्या तुझ्या. म्हटलं, बहीण आहे, रागीट आहे, पण मला ओळखते. कामावरून काढल्याचं पत्रच आणलं असशील ना? वाच."

"नको रे."

"वाच. मोठ्यानं."

बाईंनी पर्समधून पत्र काढलं आणि झाडांसमोर उभं राहून वाचलं. सदर व्यक्तीने. जाणूनबुजून. सबब. जाणूनबुजूनपाशी जीभ अडली, तेव्हा तो नुसता बघत राहिला आणि त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला.

"सही कुणाची?"

"साहेबांची. आणि माझी."

मौनीनं मान हलवली. एखादा आकडा लिहून घ्यावा तशी.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचासुद्धा त्यांना राग आला. "पाया पडू तुझ्या? लहान असलास तरी पडते."

"मला सांगू नकोस. जिथे बोललीस तिथे सांग." त्यानं वाकून डाव्या हातानं हातोडी उचलली. "आता बाजूला हो. माझा सोमवार आहे."

"अरे, मी मारते ना वर. माझा हात पोचतो."

"बाजूला हो, ताई."

परतीच्या बसमध्येही काच बंद होत नव्हती. बाईंनी त्या काचेबद्दल एक अक्षर काढलं नाही. मिळालेल्या साडेचार तासांत त्यांनी स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या की मौनीच्या एकोणीस वर्षांची भरपाई व्हावी, पण होत नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि वर केवढा तोरा, सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं!

मंगळवारी बैठकीच्या आधी त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. खांदा, फोन, वही, आठ उघडी भोकं. प्रमुखांनी घड्याळ बघत ऐकलं, पण एका ठिकाणी त्यांचे कान टवकारले.

"थांबा, थांबा. म्हणजे अठरावं भोक अर्धं भरलेलं आणि एकोणिसावं उघडं. म्हणजे लाकडाची वाढ नेमकी त्याच आठवड्यात थांबली?"

"हो. वहीतही त्याच आठवड्यापासून पानं पिवळी व्हायला लागलीत. थंडीच्या जागेवर दोघं एकदमच दुकान बंद करतात. काप सांगत नाहीत, पण भोकं सांगतात. पाचही झाडांवर, बघून आलेय मी."

"अप्रतिम!" प्रमुख उभेच राहिले. "हे भाषणात घालू. ते आठ नमुने तांत्रिक कारणास्तव वगळले म्हणून लिहू, कुणाचं नावच नको. तुमच्या भावाचं पत्रही फाडून टाकू. पण खांदा असा असेल तर त्यांनी तब्येतीच्या कारणानं स्वतःहूनच सोडलेलं बरं. सगळ्यांचीच अब्रू राहील. तुमचीसुद्धा."

बाईंच्या आतला राग इतके दिवस नुसता सैरावैरा धावत होता. आता त्याला घर सापडलं.

"माझी अब्रू?" त्या म्हणाल्या. "चोर म्हणायचं चारचौघांत, आणि सोडायचं बंद खोलीत? त्या आठ काड्या त्यानं डाव्या हातानं काढल्यात, साहेब. तुमचं भाषण त्या भोकांवर उभं राहणार, आणि ज्यानं ती मारली तो तब्येतीच्या कारणानं घरी?"

"बाई, हा विषय आजच्या बैठकीत नाहीये."

"आहे."

पडदा लागला. तिघे दिसू लागले. प्रमुखांनी नमस्कार-चमत्कार करून हवामानाचा विषय काढला, तेवढ्यात बाईंनी खुर्ची ओढून अशी लावली की कॅमेऱ्यात त्यांच्याशिवाय कुणी मावेना.

"मागच्या मंगळवारी मी इथे बसून माझ्या भावाला चोर म्हणाले," त्या म्हणाल्या. "तो चोर नाही. सव्वीसच्या सव्वीस सोमवार तो झाडांपाशी होता, मी भोकं मोजून आलेय. आठ भोकं चुकीच्या जागी आहेत. ती तिथे मार असं मी सांगितलं होतं. फोनवर. त्याचा हात वर जात नव्हता, तो मला ते सांगत होता, आणि मी ऐकलं नाही. चूक माझी. अहवालात कारण लिहायचं तर हेच लिहायचं, माझ्या नावासकट. त्याला काढल्याचं पत्र तुमच्यापैकी कुणाला मिळालंच तर फाडून टाका."

उबदार जागेवरचा माणूस खाकरला. "बाई, मलाही मागे एकदा फोनवर... जाऊ दे."

"जाऊ दे कशाला? बोला."

"गेल्या वर्षी सुई वाकली होती माझी. तुम्हाला सांगायला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, ठोक तशीच."

बाईंनी डोळे मिटले.

पत्र रद्द झालं. मौनी कामावर राहिला, अहवालात कारण बाईंच्या नावासकट गेलं, आणि प्रमुखांनी पुढच्या हंगामापासून काप घेण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं ठरवलं. बाईंच्या हाताखालून यंत्र जाणार होतं. त्यांनी त्यावर भांडण केलं नाही. प्रयोगशाळेत दोन दिवस त्याचीच चर्चा होती.

मौनीला त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा भावजयीनं उचलला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सांगते त्याला, वन्सं," आणि ते जरा कमी कडू वाटलं, इतकंच.

हंगामाचं शेवटचं पार्सल नोव्हेंबरच्या मध्याला आलं. पाच कुप्या, रबर लावलेल्या, आकडे ठसठशीत. बरोबर नेहमीची चिठ्ठी होती: तारीख, झाडांचे नंबर आणि भोकाची उंची, जी बाईंनी आजवर कधी वाचलीच नव्हती. उंचीच्या जागी लिहिलं होतं, *सात फूट*. आणि त्याखाली दोन ओळी. एकोणीस वर्षांत कधी त्यानं चिठ्ठीत आकड्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

*शिडी घेतली.*

*कुणाला विचारलं नाही.*

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि यंत्राच्या बाजूला ठेवली. मग पहिली काडी मेणात बसवली, पातं पुसलं आणि काप घेतला. काप पहिल्याच खेपेला अखंड उतरला. रंगातून काढून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी रांगेत होत्या, शेवटच्या कडेपर्यंत लाल.